धमनी कुठली आणि शीर कुठली?

शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीत धमन्या लाल आणि शिरा निळ्या रंगवलेल्या असतात. पुस्तकात त्यांना रोहिणी आणि नीला म्हणतात. त्या दोन रंगांसोबत एक व्याख्याही डोक्यात पक्की बसते: धमनीत शुद्ध रक्त, शिरेत अशुद्ध. परीक्षेपुरती ती चालते, पण फुप्फुसांपाशी आली की कोलमडते. उजव्या निलयातून, म्हणजे हृदयाच्या खालच्या उजव्या कप्प्यातून, फुप्फुसांकडे निघालेल्या वाहिनीत ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असतं, तरी ती धमनीच. फुप्फुसांतून ताजा ऑक्सिजन घेऊन डाव्या अलिंदात, म्हणजे वरच्या डाव्या कप्प्यात, येणाऱ्या साधारण चार वाहिन्या असतात आणि त्या शिरा. पोटातल्या बाळाचंही तसंच. नाळेतल्या एकाच शिरेतून ऑक्सिजन भरलेलं रक्त बाळाकडे येतं आणि दोन धमन्यांतून वापरलेलं रक्त वारेकडे जातं.

म्हणून व्याख्या एकच धरावी. हृदयापासून दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर. आत कसलं रक्त आहे, हे त्यावरून आपोआप ठरत नाही.

‘अशुद्ध’ हा शब्द तर टाकूनच द्यावा असं मला मनापासून वाटतं. माणूस स्वस्थ बसलेला असताना हृदयाकडे परतणाऱ्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये पूर्ण क्षमतेच्या जवळपास पाऊण हिस्सा ऑक्सिजन शिल्लकच असतो. ते रक्त निळंही नसतं, गडद लाल असतं. तपासणीसाठी काढलेल्या रक्ताची नळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो रंग माहीत असेल. हातावरच्या शिरा निळसर दिसतात, कारण त्वचेतून आत जाऊन परत येणाऱ्या प्रकाशात तिथे लाल रंगाचा वाटा घटलेला असतो.

खरा फरक आहे तो दाबाचा. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं आणि विश्रांतीच्या वेळीही हृदय दर मिनिटाला जवळपास तेवढंच रक्त पुढे ढकलतं. डाव्या निलयातून रक्त महाधमनीत शिरतं तेव्हा दाब १२० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो. दोन ठोक्यांच्या मध्ये तो ८० पर्यंत उतरतो, शून्यावर येत नाही. त्याचं श्रेय महाधमनीच्या लवचीक भिंतीला. ठोक्यासरशी ती ताणली जाते आणि हृदय सैल पडलं की आक्रसून रक्ताला पुढे रेटत राहते. लहान धमन्यांच्या भिंतीत स्नायू जास्त. कुठल्या अवयवाला किती रक्त सोडायचं, ते या वाहिन्या अरुंद किंवा रुंद होऊन ठरवतात आणि दाबाची सर्वात मोठी घट इथेच होते. धमनी आणि शीर यांना जोडणाऱ्या केसाहून बारीक केशवाहिन्या ओलांडून रक्त शिरेत पोचतं तोवर जेमतेम १० ते १५ मिलिमीटर उरलेले असतात, उजव्या अलिंदापाशी तर जवळजवळ काहीच नाही.

एवढ्या कमी दाबाला जाड भिंत हवी कशाला? शीर पातळ भिंतीची, सैल आणि आतून ऐसपैस असते. कापून पाहिली तर धमनी गोल उघडी राहते आणि शीर चपटी होते. पण या ऐसपैसपणामुळेच कोणत्याही क्षणी शरीरातलं निम्म्याहून अधिक रक्त शिरांमध्ये असतं. रक्तस्राव झाला की शिरा आक्रसतात आणि ती शिल्लक हृदयाकडे वळवतात.

सलाईनची बाटली उंच का टांगतात, याचं उत्तरही इथेच आहे. मीटरभर उंचीवरच्या पाण्याचा दाब सुमारे ७४ मिलिमीटर पारा भरतो. शिरेत शिरायला तो भरपूर झाला, धमनीत मात्र टिकला नसता. रक्तच नळीतून उलट वर चढलं असतं. बाटली फार खाली आली तर शिरेतलं रक्तसुद्धा नळीत दिसू लागतं.

आता शिरेपुढची मोठी अडचण. पायातलं रक्त मीटरभराहून वर चढवायचं आणि मागून रेटा नावापुरता. निश्चल उभं राहिल्यावर घोट्याजवळच्या शिरेत नुसत्या रक्ताच्या स्तंभाचाच दाब ८०–९० मिलिमीटरपर्यंत जातो. यावर शरीराने काढलेली तोड मला फार देखणी वाटते. हातापायांच्या शिरांमध्ये ठरावीक अंतरावर खिशासारख्या झडपा असतात. चालताना पोटरीचे स्नायू आवळले की खोलवरच्या शिरा पिळल्या जातात, रक्त वर सरकतं आणि झडपा त्याला मागे येऊ देत नाहीत. चार पावलं टाकली की घोट्याजवळचा तो दाब निम्म्याहून खाली येतो. झडपा ढिल्या पडल्या तर रक्त खाली साचतं, शिरा फुगून वेड्यावाकड्या होतात आणि त्यालाच आपण व्हेरिकोज व्हेन्स म्हणतो. धमनीत अशा झडपा नसतात, कारण तिथे लागतच नाहीत. महाधमनीच्या आणि फुप्फुसधमनीच्या तोंडाशी असतात त्या हृदयाच्या झडपा.

ही झडप स्वतःच्या हातावर पाहता येते. हात खाली सोडा, मागच्या बाजूच्या शिरा फुगू द्या. एका ठळक शिरेवर बोटाच्या दिशेला एक बोट दाबून ठेवा आणि दुसऱ्या बोटाने तिथून मनगटाकडे रक्त निपटत न्या. मध्ये झडप असेल तर वरचं बोट उचललं तरी तेवढा भाग रिकामाच राहतो. खालचं उचललं की झटकन भरतो. इंग्लिश वैद्य विल्यम हार्वे यांनी १६२८ च्या ग्रंथात दंड बांधलेल्या हातावर हेच दाखवलं आणि शिरेतलं रक्त हृदयाकडेच जातं हे सिद्ध केलं. त्या झडपांचं वर्णन त्यांचे इटलीतल्या पाडुआचे गुरू फाब्रिसियस यांनी आधीच छापलं होतं, पण त्यांच्या मते झडपा फक्त खाली येणाऱ्या रक्ताचा वेग आवरत होत्या. धमनीतून शिरेत रक्त जातं कुठून, हे मात्र हार्वेंना दिसलं नाही. इटालियन शास्त्रज्ञ मालपिगी यांनी १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहिल्या तेव्हा तो दुवा जुळला.

जखम झाली की दाबातला फरक लगेच कळतो. धमनीतून भडक लाल रक्त ठोक्याठोक्याला उसळतं, शिरेतून गडद रक्त संथ वाहत राहतं. पहिला उपाय दोन्हींकडे एकच, जखमेवर घट्ट दाब.

रक्ताची गाठ झाली तर ती कुठे अडकणार, हे रक्ताच्या दिशेवर ठरतं. धमनी पुढे पुढे अरुंद होत जाते, म्हणून तिच्यातली गाठ पुढच्याच एखाद्या फांदीत अडकते आणि तिच्या भरवशावर असलेला भाग उपाशी पडतो. हृदयाच्या धमनीत झालं तर हार्ट अटॅक, मेंदूच्या धमनीत झालं तर पक्षाघात. शिरा उलट पुढे रुंद होत जातात. पोटरीच्या खोल शिरेतून सुटलेली गाठ कुठेही न अडता उजव्या हृदयातून पार होते आणि जिथे वाट पहिल्यांदा पुन्हा अरुंद होते, तिथे म्हणजे फुप्फुसात जाऊन बसते. म्हणूनच एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला आणि पाठोपाठ धाप लागली, तर थांबून बघत बसू नये, तातडीने रुग्णालय गाठावं.

शिरेला धमनीचं काम दिलं तर? डायलिसिससाठी हाताची धमनी शिरेला जोडतात. काही आठवड्यांत ती शीर फुगते, भिंत जाडावते, तिच्यावर हात ठेवला तर थरथर जाणवते आणि जाड सुया ती पुन्हा पुन्हा सोसते. बायपासमध्ये पायाची शीर काढून हृदयाच्या धमनीला जोडतात, तीही टोकं उलटी करून, म्हणजे झडपा रक्ताला अडवत नाहीत. पण धमनीच्या दाबाखाली वर्षानुवर्षं राहिलेल्या या शिरेत एरवी धमन्यांनाच होणारा विकार शिरतो आणि ती आतून तुंबू लागते. त्यामुळे हृदयाच्या डाव्या बाजूच्या मुख्य फांदीसाठी शल्यचिकित्सक शक्यतो छातीच्या आतल्या भिंतीवरची धमनीच वापरतात. ती जास्त काळ उघडी राहते.