नांदूर मध्यमेश्वर पाणथळ

नांदूर मध्यमेश्वर : नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचे पाणथळ क्षेत्र व पक्षी अभयारण्य. अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झाले. रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत, नोंद जून २०१९ मधली. जानेवारी २०२० मध्ये ती जाहीर झाली तेव्हा हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले. पुढे लोणार (२०२०) आणि ठाण्याची खाडी (२०२२) यांची भर पडली. अभयारण्य कागदोपत्री सुमारे १०० चौ. किमी. आहे, रामसर क्षेत्र मात्र १४.३७ चौ. किमी. उरलेल्या भागात गावे आहेत, ऊस, कांदा, गहू आणि द्राक्षबागा आहेत.

हे पाणथळ पाटबंधाऱ्याच्या कामातून तयार झाले, आणि तेही कुणाच्या मनात तसे नसताना. निफाडचा पूर्व भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. येवला, कोपरगाव, राहाता या कोरड्या पट्ट्याला पाणी देण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी संगमावर दगडी बंधारा घातला गेला आणि त्यावरून गोदावरीचे डावा व उजवा असे दोन कालवे निघाले. पाऊस पडतो तो वर, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी आणि दिंडोरीच्या डोंगरांत. तिथून गोदावरी, दारणा आणि कादवा जो गाळ आणतात तो बंधाऱ्यामागे पाणी संथ झाले की खाली बसतो. शंभरेक वर्षांत त्याची बेटे झाली, उथळ डबकी झाली, पाणकणसाची बने माजली. साठवण घटली म्हणून अभियंत्याने कपाळाला हात लावावा अशी ही अवस्था. पण बगळ्यांना आणि बदकांना गुडघाभर पाणीच हवे असते.

हिवाळ्यात काठच्या चापडगावातल्या पक्षीनिरीक्षण मनोऱ्यावरून दुर्बिणीने पाहिले तर उथळ पाण्याची वाटणी लक्षात येते. थापट्या बदक आपली रुंद चोच पाण्याच्या पृष्ठभागावर फिरवत गाळत जातो. तलवार बदक डोके खाली, शेपूट वर करून तळ धुंडाळतो. चमच्या पक्षी चोच अर्धवट उघडी ठेवून डावी-उजवीकडे हलवत चालतो. जांभळी पाणकोंबडी पाणकणसाचा कोंब उपटते, लांब बोटांच्या मुठीत धरते आणि आतला गाभा सोलून खाते. चक्रवाक आणि गढवाल ही बदके उत्तरेकडून येतात, चित्रबलाक आणि वारकरी (कूट) हे पाणपक्षी हमखास दिसतात. रोहित (फ्लेमिंगो) येतात, पण त्यांच्या भरवशावर कुणी सहल आखू नये. येथे ५३६ जातींच्या सजीवांची नोंद आहे. त्यांत देवळालीच्या नावाने ओळखला जाणारा, नष्टप्राय झालेला एक छोटा मासा आहे, गिधाडांच्या दोन जाती आहेत आणि उसात वस्ती करणारा बिबट्याही. ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ हे बिरुद या जागेला पक्ष्यांमुळे मिळाले, मात्र नुसत्या पक्ष्यांवर बोळवण करणे माशावर अन्याय आहे.

संवर्धनाचा खरा पेच बंधाऱ्याच्या दारांचा आहे. पक्षी वन विभागाकडे आणि पाणी जलसंपदा विभागाकडे, अशी येथली विभागणी. अभयारण्यात येणारा वा बाहेर जाणारा प्रवाह परवान्याशिवाय वळवू, अडवू किंवा वाढवू नये, असे वन्यजीव अधिनियमाचे कलम २९ सांगते. इथे तर प्रवाह वळवणे हाच बंधाऱ्याचा जन्मापासूनचा धंदा. आर्द्रभूमीविषयक २०१७ च्या नियमांनी व्याख्येतून सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत. कालव्याचे आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाळीने सोडायचे पाणी, सुटले की पातळी हलते. पाणी एकदम चढले तर बदकांचे चरण्याचे काठ बुडतात, फार उतरले तर चिखल सुकतो आणि त्यातले किडे-गोगलगायी संपतात. वरच्या धरणांतून मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणासाठी पाणी सुटते तेही याच बंधाऱ्यावरून; नाशिक-मराठवाडा पाणीवादात नांदूर मध्यमेश्वरचे नाव येते ते क्युसेकच्या (सोडलेल्या पाण्याच्या) आकड्यांसोबत, पक्ष्यांचा विषय तिथे कुणी काढत नाही.

दुसरी अडचण जलपर्णीची. नाशिक शहराच्या सांडपाण्यावर ती पोसते, वाहत खाली येते आणि बंधाऱ्यामागे जाजमासारखी पसरते. पाणी झाकले गेले की खाली उजेड आणि प्राणवायू दोन्ही कमी होतात. ती काढावी लागतेच, पण वरून सांडपाणी येत आहे तोवर हे काम दर वर्षीचे.

पुराचे प्रकरण अधिक नाजूक आहे. हे पाणथळ पुराचे पाणी झेलते असे रामसरच्या नोंदीत म्हटले आहे. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या चांदोरी-सायखेड्याचा अनुभव उलटा. २०१६ आणि २०१९ च्या पुरांत ही गावे पाण्यात गेली, आणि बंधाऱ्याचा फुगवटा व साचलेला गाळ यांमुळे पाणी मागे गावांकडे चढते, अशी तक्रार तिथे ऐकू येते. दारे वाढवा, गाळ काढा, ही मागणी त्यातूनच येते. सरसकट गाळ काढला तर बेटे आणि उथळ पाणी जाईल. न काढला तर काठच्या माणसाला अभयारण्य परके वाटत राहील. गाळ कुठला काढायचा आणि कुठला ठेवायचा हे जागा पाहून, वन आणि जलसंपदा या दोन्ही विभागांनी एकत्र बसून ठरवायला हवे.

चापडगावात स्थानिक तरुण वाटाडे म्हणून काम करतात. पक्ष्यांची नावे त्यांना मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही पाठ असतात. नाशिकपासून अंतर सुमारे ४० किमी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, पण निघण्याआधी आवर्तन चालू आहे का, हे वाटाड्याला फोनवर विचारून घ्यावे.