पंधरा किलोमीटरवरची गिऱ्हाइकं

१४ जानेवारी १९९७ ची सकाळ. उत्तर केरळात बडगऱ्याच्या किनाऱ्यावर ११ मच्छीमारांची तारली कुणी घेईना. ती फेकून देण्यावाचून त्यांच्यापुढे इलाज नव्हता. त्याच वेळी १५ किलोमीटरच्या आतल्या बाजारांत २७ गिऱ्हाइकं मासळी न मिळाल्यामुळे रिकाम्या हातानं परतायच्या बेतात होती. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाच्या २००७ सालच्या शोधनिबंधात ही नोंद आहे.

शेजारच्या बाजारात जाऊन बघायला काय झालं होतं? पण ते बघणंच महाग होतं. होडीला इंधन लागतं, बाजार सकाळी काही तासच भरतो आणि तारली लगेच नासते. पोचेपर्यंत तिथं आणखी चार होड्या लागलेल्या असल्या, तर इंधनही गेलं आणि मासळीही. म्हणून बहुतेकजण आपल्याच किनाऱ्यावर माल उतरवत. याला कुणी अडाणीपणा म्हणेल. मला तो चोख हिशेब वाटतो.

हा हिशेब शिकागोचे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी १९६१ साली मांडला. समजा, एका वस्तूचा भाव दुकानागणिक १०० ते २०० रुपयांमध्ये कुठंही असू शकतो. एकाच दुकानात विचारलं तर सरासरी १५० पडतील. दोन दुकानं फिरून स्वस्तातलं घेतलं तर सुमारे १३३, तीन फिरून १२५, चार फिरून १२०. दुसऱ्या दुकानानं १७ रुपये वाचवले, चौथ्यानं जेमतेम ५. पायपीट मात्र दर खेपेला तेवढीच. पुढच्या दुकानात वाचणारे पैसे तिथवर जाण्याच्या खर्चाहून कमी झाले, की थांबावं. (कोथिंबिरीच्या जुडीसाठी अख्खी मंडई पालथी घालणाऱ्यांना हे पटणार नाही. त्यांना फिरण्यातच मजा येत असेल, तर तीही हिशेबात धरायला हवी.)

१९९७ ते २००१ या काळात केरळच्या त्या किनाऱ्यावर टप्प्याटप्प्यानं मोबाइल आले. टॉवर किनाऱ्यालगत असल्यानं रेंज समुद्रातही मिळे. आता भाव कळायला होडी वळवावी लागत नव्हती, एक फोन पुरे. मासळी फेकणं थांबलं, बाजाराबाजारांतली भावाची तफावत आटली. मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि तरीही गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्के स्वस्त मिळू लागली. ज्यांनी फोन घेतलाच नाही, त्यांचाही फायदा झाला: फोनवाल्यांच्या होड्या आता जिथं भाव होता तिथं जात, त्यामुळे यांच्या किनाऱ्यावर एकाच सकाळी मासळीचा ढीग पडेनासा झाला.