लेसर श्रवण-उद्दीपन

आंतरकर्णातील कॉक्लिया या शंखाकृती, द्रवाने भरलेल्या भागात लेसर प्रकाशाचे अल्पकालिक स्पंद सोडून श्रवणमज्जातंतूत आवेग निर्माण करण्याची प्रायोगिक पद्धती. ती आजवर प्रामुख्याने प्राण्यांवरील प्रयोगांपुरती मर्यादित आहे.

बहिऱ्या व्यक्तीच्या कॉक्लियात बसवून श्रवणमज्जातंतूला विद्युत् प्रवाहाने चेतविणाऱ्या रूढ कॉक्लियर इम्प्लांटमध्ये १२ ते २२ इलेक्ट्रोड असतात. पण कॉक्लियातील क्षारयुक्त द्रव विद्युत्‌वाहक असल्याने प्रवाह आजूबाजूला पसरतो आणि शेजारचे इलेक्ट्रोड बहुधा त्याच तंतूंना चेतवतात. गोंगाटातले बोलणे वा संगीत अशा रुग्णांना नीट उमगत नाही, त्याचे हे एक मुख्य कारण होय. प्रकाशझोत मात्र नेमक्या जागी रोखता येतो; या संशोधनाची सारी प्रेरणा त्यातच आहे.

या पद्धतीचा उगम नेमका कोठे मानावा, याविषयी मतभिन्नता आहे. प्रकाशाने ऊती चेतवल्याचे दावे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आढळतात. १९७१ मध्ये फोर्क यांनी ॲप्लिसिया या सागरी गोगलगायीच्या मज्जापेशी लेसरने उद्दीपित केल्या. तथापि तो प्रकाश दृश्य वर्णपटातला होता व त्यामागील यंत्रणाही वेगळी असावी. त्यामुळे व्हँडरबिल्ट विद्यापीठातील वेल्स, महादेवन-जॅन्सन व जॅन्सन यांचे २००५ च्या सुमाराचे, सस्तन प्राण्यांच्या मज्जातंतूंवरील अवरक्त लेसरचे प्रयोग हाच खरा प्रारंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. २००६ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील इझ्झो, रिश्टर व सहकाऱ्यांनी जर्बिल या उंदरासारख्या प्राण्याच्या कॉक्लियावर तीच पद्धत वापरली.

प्रकाश नेमके काय करतो, हा या विषयातला कळीचा प्रश्न. सुमारे १·८५ मायक्रोमीटर तरंगलांबीचा प्रकाश ऊतीतील पाणी शोषून घेते आणि तेथील तापमान क्षणार्धात किंचित वाढते. शापिरो, बेझानिला आदींनी २०१२ मध्ये दाखविले की, अशा जलद तापण्याने पेशीपटलाची विद्युत् धारिता (विद्युत्‌भार साठविण्याची क्षमता) बदलते व पेशीत विध्रुवण (पटलाच्या दोन बाजूंमधील विद्युत्‌दाबाचा फरक घटणे, ज्यातून आवेग उठतो) घडते. म्हणजे निव्वळ तापमानापेक्षा ते किती वेगाने वाढते, याला महत्त्व आहे. उष्णतासंवेदी आयनवाहिन्यांचा (पेशीपटलातील, विद्युत्‌भारित कण आत-बाहेर सोडणाऱ्या द्वारांचा) सहभागही काहींनी सुचविला आहे.

परंतु तापलेला द्रव प्रसरण पावतो आणि त्यातून दाबतरंग उठतो. केशपेशी (ध्वनिकंपनांचे मज्जासंदेशात रूपांतर करणाऱ्या पेशी) शाबूत असलेल्या कानाला हा तरंग म्हणजे चक्क आवाजच! हॅनोव्हर येथे वेन्झेल व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये गिनीपिगच्या कॉक्लियात हिरव्या लेसरचे काही नॅनोसेकंदांचे स्पंद सोडून प्रतिसाद मिळविले आणि ते उघडपणे प्रकाशध्वनिक, म्हणजे प्रकाशाने उठलेल्या दाबतरंगामुळे झालेले, मानले. अवरक्त स्पंदांचेही तसेच असेल काय?

याचा निवाडा बहिऱ्या कानातच होऊ शकतो. इझ्झो यांच्या प्रयोगांत तात्काळ बहिरे केलेल्या जर्बिलमध्येही प्रतिसाद टिकला होता. मात्र अशा कानात काही केशपेशी शिल्लक राहू शकतात, हा आक्षेप रास्त आहे. २०१५ मध्ये थॉम्प्सन व सहकाऱ्यांना बहिऱ्या गिनीपिगमध्ये प्रतिसाद मिळालाच नाही, तर २०१६ मध्ये कॅलवाईट व सहकाऱ्यांनी सर्व प्रतिसाद ध्वनिजन्य ठरविले. याउलट २०१८ मध्ये रिश्टर यांच्या गटाने जन्मतः बहिऱ्या उंदरांचे पुरावे मांडले. त्यांतील एका वाणात केशपेशी असतात, पण ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन साठविणारे व्हीग्लूट-३ हे प्रथिन नसल्याने त्यांचा संदेश मज्जातंतूपर्यंत पोहोचतच नाही. तरीही या उंदरांत मज्जापेशींचा प्रतिसाद नोंदला गेला. श्रवणक्षम कानातील प्रतिसादाचा मोठा भाग ध्वनिजन्य असावा आणि थेट उद्दीपन शक्य असले तरी ते मज्जापेशी किती टिकून आहेत व प्रकाश त्यांच्यावर नेमका पडतो की नाही यावर अवलंबून असावे, हे मत उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते.

दीर्घकालीन वापराचे पुरावे विरळ आहेत. २०१३ मधील मांजरांवरील रोपण-प्रयोगाचा येथे उल्लेख करता येईल. विद्युत् स्पंदापेक्षा अवरक्त स्पंदाला कितीतरी अधिक ऊर्जा लागते आणि स्पंदांची वारंवारता वाढली की उष्णता साचते. बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणाला ही अडचण मोठी आहे.

ऑप्टोजेनेटिक्स हा जवळचा, पण तत्त्वतः निराळा मार्ग. त्यात विषाणूवाहकाद्वारे मज्जापेशींत चॅनेलऱ्होडॉप्सिन हे प्रकाशसंवेदी प्रथिन रुजवितात, त्यामुळे कमी ऊर्जेचा दृश्य प्रकाश पुरतो व त्यासाठी लेसरच हवा असेही नाही. ग्योटिंगेनमधील मोझर यांच्या गटाने २०१४ मध्ये उंदरांत असे उद्दीपन साधले. मूळ प्रथिनाची वाहिनी मिटायला वेळ लागतो, श्रवणमज्जातंतू मात्र सेकंदाला शेकडो आवेग पाठवितात. म्हणून पुढे क्रोनोससारखी शीघ्रगती प्रथिने वापरात आली.