जिलबीचं पीठ आंबट का होतं?

इंदूरची सकाळ पोहे-जिलबीने सुरू होते. राजवाड्याच्या आसपास कढईत जे पीठ पडतं, ते आदल्या दिवशीच भिजवलेलं असतं: मैदा, पाणी, थोडं दही. झाकण काढलं की आंबूस वास येतो. पिठावर एखादा बुडबुडा हळूहळू फुगतो, फुटतो आणि तिथे छोटासा खळगा राहतो. रात्रभर त्यात जिवाणू आणि यीस्ट साखर खात असतात.

ग्लुकोजचा एक रेणू मोडला की पायरुव्हेट नावाचे दोन लहान रेणू होतात आणि पेशीच्या हाती निव्वळ 2 एटीपी पडतात. एटीपी म्हणजे पेशीचे सुटे पैसे, सगळी कामं त्यावरच चालतात. इथवर आपली पेशी आणि यीस्ट यांत काही फरक नाही. ऑक्सिजनही लागत नाही.

अडचण पुढे येते. साखर मोडताना निघालेले इलेक्ट्रॉन एनएडी नावाचे रेणू हमालासारखे उचलतात, आणि पेशीत हे हमाल मोजकेच. ओझं कुठे उतरलं नाही, तर साखर मोडणंच थांबेल. ऑक्सिजन असला की आपल्या आणि यीस्टच्या पेशीत ते तंतुकणिकेत, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, उतरतं. इलेक्ट्रॉन शेवटी ऑक्सिजनला मिळून पाणी बनतं, आणि एका ग्लुकोजमागे एकूण सुमारे 30 एटीपी मिळतात. हे श्वसन.

घट्ट पिठात ऑक्सिजन लवकर संपतो. मग दह्यातले जिवाणू ओझं पायरुव्हेटवरच उतरवतात, त्याचं लॅक्टिक आम्ल होतं. यीस्ट पायरुव्हेटमधून कार्बन डायऑक्साइड काढून टाकतं आणि उरलेल्या भागावर ओझं ठेवतं, त्याचं अल्कोहोल होतं. आंबटपणा आणि बुडबुडे इथून आले. अल्कोहोल तळताना उडून जातं.

या आंबण्यालाच किण्वन म्हणतात. किण्वन म्हणजे ऑक्सिजनविना ऊर्जा, एवढंच शाळेत सांगतात आणि खरी गंमत राहून जाते. या शेवटच्या पायरीत एकही एटीपी मिळत नाही. ती आहे हमाल मोकळे करण्यासाठी, म्हणजे पुढची साखर मोडता येईल. शिवाय 30 च्या जागी 2 वर भागवायचं, तर तेवढ्याच कामाला पंधरापट साखर लागणार. हवा मिळाली की यीस्ट कमी साखर संपवतं, हे लुई पाश्चरने 1861 मध्येच नोंदवलं होतं.

धावत जाऊन बस पकडताना आपल्या मांडीच्या स्नायूंतही पायरुव्हेटवर हेच ओझं उतरतं. माळव्याच्या थंडीत मात्र जिवाणूंची विकरं, म्हणजे ही रासायनिक कामं करणारी प्रथिनं, मंदावतात. तेव्हा पिठाचं भांडं भट्टीजवळ सरकवलं, की सकाळपर्यंत पुन्हा बुडबुडे धरतात.