राज्य सरकार बरखास्त करणं केंद्राच्या मर्जीवर असतं का?

‘दिल्लीच्या मनात आलं की राज्य सरकार घरी’ हा समज अजून पक्का आहे. एकेकाळी तसं घडायचंही. १९८९ मध्ये कर्नाटकात मुख्यमंत्री एस. आर. बोम्मई सभागृहात बहुमत सिद्ध करायला तयार होते, तरी संधी न देता राष्ट्रपती राजवट लादली गेली. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने ठणकावलं: बहुमताचा फैसला विधानसभेतच व्हायला हवा. राज्यघटनेच्या कलम ३५६ खालच्या, म्हणजे राष्ट्रपती राजवटीच्या, घोषणेला दोन महिन्यांत संसदेच्या दोन्ही सभागृहांची मंजुरी लागते. तोवर विधानसभा विसर्जित करता येत नाही. घोषणा न्यायालयात तपासली जाऊ शकते, आणि माझ्या मते संघराज्याला खरा आधार इथेच मिळाला. २०१६ मध्ये उत्तराखंडात न्यायालयाच्या देखरेखीखाली विधानसभेत बहुमतासाठी मतदान झालं, हटवलेले मुख्यमंत्री हरीश रावत जिंकले आणि राष्ट्रपती राजवट उठली.