जुन्या लष्करी रायफलीत काय बदलावं, काय तसंच ठेवावं
(टेक्सासमधल्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी)

मंडळाच्या कार्यक्रमात कुणाला कळलं की आम्ही बंदुकांचं दुरुस्तीकाम करतो, की जेवणाच्या रांगेतच प्रश्न सुरू होतात. ‘एक जुनी रशियन रायफल स्वस्तात मिळाली, तिला काळा दस्ता आणि दुर्बीण बसवून द्याल का?’ हातात पुरणपोळी घेऊन या प्रश्नाचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून ते कागदावर लिहून ठेवलं आहे.

थोडक्यात सांगायचं तर, स्क्रू काढून बसवता येतं ते काम आम्ही आनंदानं करतो. करवत, ड्रिल किंवा वेल्डिंग लागणार असेल, तर आधी तुमच्याशी तासभर बोलतो आणि बऱ्याचदा नाही म्हणतो. त्यामुळे आमचं गिऱ्हाईक जातं हे खरं. पण एकदा कापलेलं लाकूड जोडता येत नाही आणि भोक पाडलेला रिसीव्हर, म्हणजे रायफलीचा मधला पोलादी सांगाडा, पूर्ववत होत नाही.

आधी तुमचा व्हिसा

हे सगळ्यात वर लिहिलंय, कारण आपल्या लोकांपैकी निम्मे इथेच अडतात. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला इथल्या केंद्रीय कायद्यानं बंदूक बाळगता येत नाही. याला मोजके अपवाद आहेत. त्यातला नेहमीचा म्हणजे एखाद्या राज्याचा चालू शिकारीचा परवाना. ग्रीनकार्ड असेल तर ही बंदी लागू नाही. खरेदीच्या वेळी ४४७३ क्रमांकाच्या फॉर्मवर याबद्दल सरळ प्रश्न असतो, आणि तिथे खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा आहे. मित्राच्या नावावर घेऊन आपल्या घरी ठेवू, हा विचार डोक्यात आला असेल तर तो तिथेच सोडा. शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, आम्हाला नको. आम्ही लोखंडाची माणसं आहोत.

दुसरा प्रश्न हमखास येतो: ही रायफल गावी नेता येईल का? नाही. इथून बाहेर न्यायला निर्यातीचे नियम आहेत. तिकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे, आणि .३०३ सारखी लष्करी बोअरची (नळीच्या आतल्या व्यासाची) रायफल सामान्य परवान्यात बसत नाही. भारतात शेती किंवा शिकारीच्या परवान्यावर जी .३१५ ची रायफल दिसते, ती ब्रिटिश ली-एनफिल्ड रायफलीच्याच घडणीची आहे, पण बोअर वेगळी. आणि भारतात घरच्या घरी नळी आखूड करणं किंवा परवान्याशिवाय बंदुकीत फेरफार करणं हा गुन्हा आहे. हे माहितीपत्रक फक्त अमेरिकेतल्या कामापुरतं आहे. गावाकडच्या भावाला फोटो पाठवून ‘असं करून बघ’ म्हणू नका.

या रायफली इथे आल्या कशा

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या गोदामांत लाखो रायफली पडून होत्या. अमेरिकी व्यापाऱ्यांनी त्या पोत्यांच्या भावानं उचलल्या आणि टपालानं विकल्या. जर्मन माऊझर, ब्रिटिश एनफिल्ड, अमेरिकी स्प्रिंगफील्ड घ्यायची, लष्करी दस्ता कापून बारीक करायचा, नळी आखूड करायची, वर दुर्बीण बसवायची, की झाली हरणाच्या शिकारीची रायफल. याला इथे ‘स्पोर्टराइझ’ करणं म्हणतात. पन्नास-साठच्या दशकात घरोघरच्या गॅरेजमध्ये हे चालायचं. नवी शिकारी रायफल महाग होती आणि जुनी लष्करी मातीमोल होती, तेव्हा त्या हिशेबात काही चूक नव्हती.

१९६३ साली राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली ती अशाच एका रायफलीनं. इटालियन कार्कानो, शिकागोच्या दुकानातून टपालानं मागवलेली, दुकानदारानंच वर चौपट मोठं दाखवणारी जपानी दुर्बीण बसवलेली, आणि किंमत दुर्बिणीसकट १९.९५ डॉलर. कार्कानोत काडतुसांचा संच वरून भरावा लागतो, म्हणून ती दुर्बीण डाव्या बाजूला सरकवून लावली होती. पुढे १९६८ चा कायदा आला. टपालाची विक्री बंद झाली, लष्करी मालाची आयातही थांबली. १९८४ मध्ये जुन्या, संग्राह्य शस्त्रांसाठी दार पुन्हा उघडलं, आणि त्यानंतरच रशियन, युगोस्लाव्ह, भारतीय माल परत येऊ लागला.

आता हिशेब उलटा झाला आहे. मूळ स्थितीतली रायफल महाग, कापलेली स्वस्त. वर कायद्याचाही एक मुद्दा आहे. पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ लष्करी रूपातली रायफल ‘क्युरिओ अँड रेलिक’ या वर्गात मोडते, आणि संग्राहकाच्या परवान्यावर ती थेट घेता येते. रूप बदललं की तो दर्जा सहसा जातो.

मोसिन-नागां

आमच्याकडे सगळ्यात जास्त ही रशियन रायफलच येते. १८९१ चा मूळ आराखडा, १९३० ची सुधारणा, काडतूस ७.६२ × ५४ आर. लांबी १२३ सेंटिमीटर, म्हणजे दुसरीतल्या मुलाएवढी. लोकांच्या तक्रारीही ठरलेल्या असतात: बोल्ट (काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा सरकता भाग) अडकतो, चाप जड आहे, दुर्बीण बसत नाही.

बोल्ट अडकण्यावर नवा भाग घेऊ नका. दहातल्या आठ वेळा दोष चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीत, सुकलेल्या कॉस्मोलीनचा असतो. कॉस्मोलीन म्हणजे साठवणुकीसाठी फासलेलं मेणचट ग्रीस. नळी गरम झाली की ते पाघळतं आणि काडतुसाला चिकटतं. मिनरल स्पिरिट आणि चेंबरचा ब्रश घेऊन पुन्हा पुन्हा पुसा. लाकडातलं ग्रीस काढायचं असेल तर दस्ता जुन्या कपड्यात गुंडाळून काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि टेक्सासच्या उन्हात गाडीच्या काचेमागे ठेवा. ऑगस्टमध्ये दोन दुपारी पुरतात. पेट्रोल वापरू नका, घर जळेल.

चापासाठी टिमनी कंपनीचा तयार संच मिळतो, सोबत वापरायला सोपी सेफ्टीही येते. मूळ सेफ्टी इतकी ताठ आहे की ती ओढायला पैलवान लागतो. हा संच बसवायला रिसीव्हर कापावा लागत नाही. तुमचे जुने भाग आम्ही पिशवीत घालून परत देतो. दस्त्यासाठी आर्केंजल नावाचा पॉलिमर दस्ता चालतो. त्यात लांबी कमी-जास्त करता येते आणि दहा काडतुसांचं सुटं मॅगझिन लागतं. मूळ लाकडी दस्ता कपाटात ठेवा. उद्या मन बदललं तर अर्ध्या तासात रायफल पुन्हा १९४२ सालची होते.

दुर्बिणीचा गुंता मोठा आहे. बोल्टचा दांडा सरळ आडवा असल्यानं नेहमीच्या जागी लावलेल्या दुर्बिणीवर तो आपटतो. शिवाय क्लिपनं (काडतुसं धरणाऱ्या पट्टीनं) काडतुसं भरायची जागा झाकली जाते. सोपा मार्ग म्हणजे मागच्या दृष्टिपट्टीच्या (नेम धरायच्या पट्टीच्या) पायावर बसणारा माउंट, म्हणजे दुर्बीण धरणारी बैठक, आणि लांबून बघायची ‘स्काउट’ दुर्बीण. ती डोळ्यापासून वीतभर पुढे असते. पहिले दोन दिवस विचित्र वाटतं, मग हात बसतो. खरी स्नायपर म्हणून बोल्टचा दांडा वाकवून बाजूचा माउंट बसवून हवा असेल, तर आधी सांगा. तुमच्या हातातली रायफल खरोखर जुनी स्नायपर निघाली तर त्या कामाला आम्ही हात लावणार नाही.

माऊझर ९८

यात एक माहिती पैसे वाचवते. दिसायला सगळ्या माऊझर सारख्या, पण आतून नाहीत. १८९८ च्या बोल्टला मागे तिसरा सुरक्षा-कंगोरा आहे, १८९३, ९५, ९६ च्या घडणीला नाही. त्या जुन्या घडणीवर जोरकस आधुनिक काडतुसाची नळी बसवून मागू नका. स्वीडिश ९६ तिच्या ६.५ × ५५ मध्ये अजून सुरेख चालते, तिला तिच्याच काडतुसात राहू द्या.

दुसरं, युगोस्लाव्ह माऊझर एम-४८ घेऊन नेटवरून जर्मन ‘के-९८ चा दस्ता’ मागवणारे ग्राहक दर वर्षी दोन-तीन येतात. तो बसत नाही. युगोस्लाव्ह घडणीची लांबी मूळ जर्मनपेक्षा सुमारे पाव इंचानं कमी आहे. भाग मागवण्याआधी रिसीव्हरवरचा शिक्का आमच्याकडे फोटो काढून पाठवा, फोटो बघायचे पैसे घेत नाही.

माऊझरच्या मूळ चापाला दोन टप्पे आहेत. पहिला सैल, दुसरा घट्ट. नवख्याला तो बिघडल्यासारखा वाटतो, पण लष्करी वापरात चुकून बार होऊ नये म्हणून तो तसा ठेवला होता. बदलायचाच असेल तर तयार संच घ्या. घरी पत्थरावर घासून ‘हलका’ करू नका. वरचा कठीण थर केसाच्या जाडीचा असतो, तो गेला की बोल्ट जोरात बंद केला तरी बार उडू शकतो. आमच्याकडे चाप बदलला की बोल्ट आपटून, दस्ता रबरावर ठोकून, सेफ्टी लावून-काढून तपासल्याशिवाय रायफल परत जात नाही. दुर्बीण खाली बसवायची असेल तर सेफ्टीही बदलावी लागते, कारण मूळ सेफ्टीचा पंखा वर फिरतो आणि दुर्बिणीला अडतो.

इशापूरची एनफिल्ड

ही रायफल आली की दुकानात चहा होतो. १९६२ च्या चीन युद्धानंतर पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात ली-एनफिल्डचा जुना आराखडा चांगलं पोलाद वापरून ७.६२ नाटो काडतुसासाठी बनवला गेला. तिला २-ए म्हणतात. नंतरच्या २-ए-१ वर मागची दृष्टिपट्टी ८०० मीटरपर्यंतच कोरली आहे. इथल्या काही आयातदारांनी त्या कापून आखूड ‘जंगल कार्बाइन’सारख्या केल्या. खरी जंगल कार्बाइन म्हणजे १९४४ ची नंबर ५, ती .३०३ ची. कापलेली इशापूर तिच्या भावात विकत घेऊ नका.

या लाकडावर हात चालवायला आम्ही फारसे राजी नसतो. एनफिल्डचा दस्ता दोन तुकड्यांचा असतो, आणि पुढचं लाकूड नळीला कुठे, किती दाबतं यावर नेम अवलंबून असतो. ते बारीक केलं की रायफल छान दिसते आणि गोळी हवी तिथे जाते. तुम्हाला हवी तिथे नाही, तिला हवी तिथे. दुर्बिणीसाठी न भोक पाडता बसणारे माउंट आहेत, ते बघू.

काही गोष्टींवर मात्र अजिबात वाद नको. रिसीव्हरवर किंवा दस्त्यावर ‘डी पी’ शिक्का असेल तर ती कवायतीची रायफल आहे, तिच्यातून गोळी झाडायची नाही. नुसत्या बोअरवरून .४१० ची शॉटगन समजून आलेल्या काही भारतीय एनफिल्ड खरं तर पोलिसांच्या मस्केट आहेत. त्यांचं मूळ काडतूस .३०३ च्या पितळेपासून केलेलं असतं, शॉटगनचं .४१० त्यात सहसा बसत नाही, आणि बसत असेल तर इथे कुणीतरी चेंबर बदलला आहे. तो तपासूनच वापरा. आणि .३०३ ची जुनी रायफल ७.६२ मध्ये बदलून द्या असं म्हणू नका.

काडतुसांच्या बुडावर ‘के एफ’ दिसलं की पुणेकर हरखतात, कारण ते आपल्या खडकीचे, १८६९ पासून चालणाऱ्या कारखान्याचे. ‘ओ एफ व्ही’ म्हणजे जळगाव जिल्ह्यातलं वरणगाव. जुनी .३०३ ची खडकीची काडतुसं टेबलावर ठेवून मुलांना दाखवा. झाडायची असतील तर आधी इकडे आणा. कित्येक दशकं उन्हा-पावसात साठवलेल्या कुठल्याही देशाच्या काडतुसाची मान चिरते, आणि चाप ओढल्यावर क्षणभर थांबून बार होण्याचा धोका असतो. चाप ओढला आणि काही झालं नाही, तर रायफल लक्ष्याकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबा.

जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्यानं नळीत मीठ राहतं. ते हवेतला ओलावा ओढतं, आणि गल्फच्या किनाऱ्यावरची हवा ही आपल्या रत्नागिरीसारखीच. त्याच संध्याकाळी नळीतून गरम पाणी घाला, कोरडी करा, मग तेल. नुसत्या तेलानं मीठ विरघळत नाही. दोन आठवड्यांत नळी गंजून आणलेल्या रायफलीला कुठलाही नवा भाग उपयोगाचा नाही.

हेडस्पेस

बोल्ट बंद असताना त्याच्या तोंडापासून चेंबरमध्ये काडतूस जिथे टेकून अडतं तिथपर्यंतचं अंतर. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसवला, नळी बदलली, की हे बदलतं. जास्त झालं तर काडतूस फाटून गरम वायू मागे येतो, चेहऱ्यावर. म्हणून बंदुकांच्या जत्रेतून सुटा बोल्ट आणला असेल तर तो गेज लावूनच तपासतो. तपासणीला पंधरा मिनिटं लागतात. एनफिल्ड नंबर ४ ला यासाठी ० ते ३ अशा वेगवेगळ्या मापाच्या बोल्ट-मुंड्या आहेत, बाकीच्यांना इतकी सोय नाही.

याच वर्गातला अमेरिकी इशारा: स्प्रिंगफील्ड १९०३ चा क्रमांक ८,००,००० च्या खाली असेल, किंवा रॉक आयलंड कारखान्याचा २,८५,५०७ च्या खाली, तर त्या रिसीव्हरचं पोलाद ठिसूळ असू शकतं. आम्ही त्यावर काही बसवत नाही. भिंतीवर सुरेख दिसते.

अर्ध-स्वयंचलित रायफली

एसकेएस वगैरेंवर, म्हणजे बार झाला की पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या रायफलींवर, परदेशी भाग किती असावेत याचा एक केंद्रीय नियम आहे. यादीतल्या वीस भागांपैकी दहापेक्षा जास्त परदेशी चालत नाहीत. नुसतं मोठं मॅगझिन किंवा पिस्तूल-मुठीचा दस्ता बसवला तरी हिशेब बदलू शकतो. हे काम आम्ही भागांची यादी लिहून, सही घेऊनच करतो. बोल्ट-ॲक्शनला हा नियम नाही. नळी मात्र कुठल्याही रायफलीची १६ इंचांपेक्षा आणि एकूण लांबी २६ इंचांपेक्षा कमी करायची नाही. त्याचं काम आम्ही घेत नाही, आग्रह करू नका.

मग कुठे ड्रिल चालवतो?

आधीच कापलेल्या रायफलीवर. कुणीतरी १९५८ मध्ये दस्ता तासलाय, नंबर जुळत नाहीत, दृष्टिपट्टी काढून टाकलीय, अशी माऊझर आणा. तिच्यावर नवी नळी, वाकवलेला बोल्ट, नवा दस्ता, दुर्बीण, सगळं मनासारखं करू. संग्राहकांना तिच्यात रस नाही, त्यामुळे ती स्वस्तही मिळते, आणि तिच्या पोटात मूळचं उत्तम पोलाद असतं. नवीन ग्राहकांना आम्ही हाच रस्ता सुचवतो.

रायफल आणताना

बोल्ट काढून, रिकामी, केसमध्ये. काडतुसं वेगळ्या डब्यात. रात्रभर ठेवावी लागली तर आमच्या वहीत नोंद होते. परत घेताना तुम्ही स्वतःच यायचं, भावजींना पाठवलं तर देता येणार नाही. नेताना जुन्या भागांची पिशवी मागून घ्या. आम्ही विसरलो तर आठवण करा. तीन महिन्यांनी फोन आला की ते भाग कुठल्या डब्यात गेले हे आम्हालाही सापडत नाही.