परदेशात लहान मुलांना इंग्रजी शिकवायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

ठाणे, ऐरोली, वाशी इकडचे आयटी, बँक, बीपीओमध्ये बरीच वर्षं काढलेले लोक आता परदेशात जाऊन लहान मुलांना इंग्रजी शिकवायचा विचार करतायत, चांगलंच आहे, पण बहुतेक जण सगळ्यात आधी टेफलच्या, म्हणजे परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकवायच्या, कोर्सचे पैसे भरून मोकळे होतात. तसं करू नका. आधी देश ठरवा, तिथला व्हिसाचा नियम वाचा, कोर्स नंतर. १२० तासांचं टेफल बऱ्याच ठिकाणी मागतात हे खरं, पण काही देशांत आधी पासपोर्ट कुठला हेच बघतात.

दक्षिण कोरियाचं उदाहरण घ्या. तिथला इंग्रजी शिक्षकांचा ई-२ व्हिसा मुळात अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सातच देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारतीयांना २०१० मध्ये लागू झालेल्या भारत-कोरिया व्यापार करारातून (सेपा) सरकारी शाळेत सहाय्यक शिक्षक म्हणून वाट आहे, पण त्याला शिक्षकाची पात्रता लागते, नुसती बीकॉम आणि टेफल पुरत नाही. जपानमध्ये शाळेत शिकवायच्या इन्स्ट्रक्टर व्हिसाला तुमचं स्वतःचं १२ वर्षांचं शिक्षण इंग्रजीतून झालेलं लागतं, म्हणजे शाळा-कॉलेजकडून माध्यमाचं पत्र आणावं लागेल. मराठी माध्यमवाल्यांनी लगेच नाराज होऊ नका, खासगी इंग्रजी क्लासेसचा व्हिसा वेगळ्या प्रकारात येतो. थायलंडला पदवी, पोलिस क्लिअरन्स (गुन्ह्याची नोंद नसल्याचं प्रमाणपत्र), नोकरीसाठीचा नॉन-इमिग्रंट बी व्हिसा, आणि इंग्रजी मातृभाषा नसलेल्या आपल्यासारख्यांना टोइक किंवा आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोअर लागतो. आयल्ट्स दोनच वर्षं चालतं, त्यामुळे उगाच लवकर देऊन ठेवू नका. आखातात बीएड असेल तर खूप फरक पडतो.

आता कागदपत्रं. सगळ्यात जास्त लोक अडकतात ते नावात! मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, पासपोर्टवर वेगळा क्रम, आणि लग्न झालेल्या बायकांचं तर पदवी माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या. विवाह नोंदणी प्रमाणपत्र महापालिकेतून काढलेलं हवंच, पूर्ण नाव बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची नोंद करून घ्या. हे आधी करा, कारण पुढचे सगळे शिक्के याच नावावर बसणार आहेत. दुसरं म्हणजे मूळ पदवी प्रमाणपत्र. कित्येकांकडे फक्त शेवटच्या वर्षाची मार्कशीट असते, नोकरीला तेवढं पुरलेलं असतं, इथे पुरत नाही, युनिव्हर्सिटीतून पदवी काढून घ्या.

मग पदवीचं साक्षांकन, म्हणजे ती खरी असल्याचा सरकारी शिक्का. आधी राज्य सरकारच्या पातळीवर, मग परराष्ट्र मंत्रालय. जपान, कोरियासारखे एकमेकांचे कागद मान्य करणाऱ्या हेग करारातले देश असतील तर अपोस्टिल (या करारातल्या देशांत चालणारा शिक्का), त्याची सरकारी फी कागदामागे ५० रुपये, अर्ज मात्र मंत्रालयाने नेमलेल्या एजन्सीमार्फतच करायचा आणि तिचा सर्व्हिस चार्ज वेगळा. यूएई करारात नाही, म्हणून तिथे मंत्रालयानंतर त्यांच्या दूतावासाचा शिक्कापण लागतो. लॅमिनेट केलेली पदवी असेल तर अडचण येते, आत्ताच बघून ठेवा.

पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट सेवाच्या वेबसाइटवरून, फी ५०० रुपये, ठाणेकरांना वागळे इस्टेटचं केंद्र जवळ. घोडबंदरला नवीन फ्लॅटमध्ये आलात आणि पासपोर्टवर डोंबिवलीचा पत्ता असेल तर अर्जात सध्याचा पत्ता पुराव्यासकट द्या, चौकशी त्या भागातल्या पोलिस स्टेशनला जाते. हे सर्टिफिकेट शेवटी काढा, जास्त जुनं झालं तर घेत नाहीत. लहान मुलांसोबत काम आहे, त्यामुळे शाळा यात तडजोड करत नाहीत आणि करूही नये. सोबत जुन्या कंपनीचं एक्सपिरियन्स लेटर आणि रिलीव्हिंग लेटर ठेवा.

एक गोष्ट मात्र अगदी मनापासून सांगते, टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर वर्क परमिट करून देऊ असं कोणी म्हटलं तर जाऊ नका. २०२२ मध्ये थायलंडच्या नोकरीच्या नावाखाली आपल्याकडच्या तरुणांना म्यानमारमध्ये नेऊन अडकवलं होतं, परराष्ट्र मंत्रालयाला जाहीर सूचना काढावी लागली. एजंट असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचा परवाना तपासा. परवानाधारक एजंटला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी इतकंच घेता येतं, तेही पावती देऊन, त्यामुळे वाशी स्टेशनसमोर ऑफिस थाटून कोणी दोन लाख मागत असेल तर तिथूनच परत फिरा.